कनेक्टिंग रॉड: कंपनीचेच रिकन करून घालू की नवीन आफ्टरमार्केट सेट घेऊ?

कोकणडिझेल
नमस्कार मंडळी. मामांची जुनी महिंद्रा आहे, २५२३ सीसीचं डीआय डिझेल, सध्या तिचं इंजिन गॅरेजमध्ये टेबलावर उघडं पडलंय. खालून ठक ठक आवाज येत होता, गरम झालं की जास्त, आणि ऑइल प्रेशरही आयडलला पडायला लागलं होतं. खोललं तर तीन नंबरचं कनेक्टिंग बेरिंग पार तांबं दिसेपर्यंत घासलंय आणि क्रँकच्या त्या जर्नलवर, म्हणजे बेरिंग बसतं त्या गोल भागावर, रेघा. लेथवाला म्हणाला क्रँक वीस साइजला न्यावा लागेल, म्हणजे जर्नल घासून वीस थाउ बारीक (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ते ठीक आहे, मान्य. आता प्रश्न रॉडचा, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचा. गॅरेजवाले म्हणतात चारही रॉड नवीन आफ्टरमार्केट टाका, लेथवाला म्हणतो हे कंपनीचे फोर्जिंग आहेत, फेकू नका, कॅप (रॉडच्या खालच्या कड्याचा सुटा अर्धा भाग) घासून, भोक होन करून, पिनच्या टोकाला नवीन बुश टाकून देतो, आणि तिसऱ्याने सांगितलं कुर्ल्याला सीएसटी रोडवर तयार रिकन, म्हणजे दुरुस्त करून परत मापात आणलेला सेट मिळतो, जुने द्यायचे आणि लगेच दुसरे घेऊन यायचे. गणपतीला गाडी गावी न्यायची आहे, सगळं सामान आणि म्हातारी माणसं घेऊन घाट उतरायचाय, त्यामुळे स्वस्त काय यापेक्षा टिकेल काय ते सांगा.

लालबाग_गॅरेज
नवीन सेट टाका आणि मोकळे व्हा. मी रिकनच्या विरोधात नाही, पण रिकन नीट करणारे आता किती राहिलेत? कॅप घासायची मशीन वेगळी असते, बऱ्याच ठिकाणी ती नसतेच, साध्या ग्राइंडरवर किंवा चक्क फाइलने कॅप घासून देतात. मग कॅप तिरकी बसते, बेरिंग एका बाजूने चावतं आणि दोन महिन्यांनी गिऱ्हाईक परत माझ्या दारात. नवीन रॉडला निदान बोअर सरळ असतो. रिकनचा खर्च पण मोजा, क्रॅक टेस्ट, बुश, होनिंग, नवीन बोल्ट हे सगळं धरलं तर नव्या सेटच्या बऱ्यापैकी जवळ जातो.

होनिंगवाला
लालबागवाल्या दादांचं फाइलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, तसं काम कोणी करत असेल तर तिथून रॉड उचलून घरी न्या. पण म्हणून रिकन वाईट असं होत नाही. साकीनाक्याला आमचं मशीन शॉप आहे, रोजचं हेच काम, म्हणून सविस्तर लिहितो.

रिकन म्हणजे नेमकं काय करतात ते आधी बघा. बिग एंडचं, म्हणजे क्रँककडच्या टोकाचं भोक वापरून वापरून गोल राहत नाही, उभं ताणलं जातं, कारण एग्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर थांबून परत खाली वळताना सगळा झटका कॅप आणि दोन बोल्टांवर येतो. तुमचा स्ट्रोक १०१.६ मिमी, ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबून दिशा बदलतो. आरपीएम दुप्पट केले की हा झटका चौपट होतो. भोक परत गोल करायला रॉड आणि कॅप दोघांचा जोड थोडा थोडा घासतात, बोल्ट पूर्ण टॉर्कला कसतात आणि मग होनिंग मशीनवर भोक कंपनीच्या साइजला आणतात. आता यात एक गोम आहे. दोन्ही बाजूंनी ०.०५ मिमी घासलं तर भोकाचा मध्य तेवढाच गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) बाजूला सरकतो, म्हणजे रॉड ०.०५ ने आखूड होतो. एकदा केलं तर काही बिघडत नाही. पण तोच रॉड दोन तीन वेळा रिकन झालेला असेल आणि प्रत्येकाने मनसोक्त घासलं असेल तर पिस्टन खाली राहायला लागतो. चांगला कारागीर नवीन बुश बोअर करताना मध्य तेवढाच वर घेऊन ही लांबी भरून काढतो.

म्हणून माझं मत असं, तुमच्याच इंजिनातले, एकदाही न घासलेले, ज्यांनी काय काय सोसलंय हे तुम्हाला माहीत आहे असे रॉड रिकन करायला उत्तम. बदलीत मिळणारा सेट मात्र नको. त्यातले चार रॉड चार वेगवेगळ्या इंजिनांतून आलेले असू शकतात, कुठला किती वेळा घासलाय, कुठला पाण्यातून आलाय, काही कळायला मार्ग नाही.

त्यामुळे आता एकच विचारतो. गाडी कधी पाण्यात बंद पडली होती का?

कोकणडिझेल
दादा, तुम्ही विचारलंत म्हणून मामांना फोन केला. मागच्या जुलैत मिलन सबवेजवळ पाण्यात बंद पडली होती. ड्रायव्हरने तिथेच दोन तीनदा स्टार्टर मारून बघितला, नाही झाली, मग टो करून आणली. मेकॅनिकने एअर फिल्टर काढून पाणी काढलं, ऑइल बदललं आणि चालू झाली. त्यानंतर वर्षभर चालली, फक्त सकाळी स्टार्ट व्हायला जरा वेळ लागायचा आणि पांढरा धूर द्यायची.

होनिंगवाला
मग सगळा हिशोब बदलला. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी शिरलं आणि पिस्टन वर आला की कोणीतरी वाकतंच, आणि बहुतेक वेळा तो रॉड असतो. डोळ्याला दिसेल इतका वाकला तर बरं, लगेच कळतं. खरा धोका जेमतेम वाकलेल्याचा. गाडी चालू होते, सगळे खूश होतात, आणि रॉड रोज थोडा थोडा थकत राहतो. एक दिवस हायवेवर मधून तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, असल्या पुरानंतर पाणी काढून चालू केलेल्या गाड्यांचं दुखणं लगेच दिसत नाही, ते महिनोन् महिने आत राहतं.

आता हे करा. रॉड अजून पूर्ण वेगळे केले नसतील तर क्रँक, पिस्टन परत बसवून चारही पिस्टन एकेक करून टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला आणा आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासून पिस्टन किती वर येतो ते डायल लावून मोजा. लायनरही नीट बघा, सगळ्यात वर जो काजळीचा पट्टा असतो तो एखाद्या सिलिंडरला बाकीच्यांपेक्षा रुंद आहे का. आणि पिस्टनच्या स्कर्टवर घासल्याची खूण सरळ आहे की तिरकी, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली.

पद्मिनी_१०८९
धागा वाचतोय, फार उपयोगी चाललंय. आमच्यासारख्यांचा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून मध्येच लिहितो. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी, ६८ बाय ७५ चं इंजिन. गाडी बनली कुर्ल्यात, आणि आज तिचे पार्ट शोधायला पण कुर्ल्यालाच फिरावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, त्यानंतर तर सामान अजून आटलं. टॅक्सीवाले होते तोवर प्रत्येक गल्लीत बेरिंग, बुश, पिस्टन मिळायचं, कारण खप होता.

आम्हाला कंपनीचा नवीन रॉड हा पर्यायच नाही. चुकून ऑपेरा हाऊसला एखाद्या जुन्या दुकानात पेटीतला माल निघाला तर तो सोन्यासारखा. त्यामुळे आम्ही रिकनवर जगतो आणि म्हणूनच सांगतो, टॅक्सीतून निघालेल्या रॉडवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. टॅक्सीचं इंजिन कितीदा उघडलं गेलंय याची मोजदाद नसते. एक खूण बघा. बिग एंडच्या बाजूला सिलिंडरचा नंबर रॉडवर आणि कॅपवर दोन्हीकडे ठोकलेला असतो. दोन्ही नंबर एक नसतील तर कॅप दुसऱ्या रॉडची आहे, तो जोड तसाच्या तसा कधीच गोल नसतो. आणि एकावर एक तीन वेगवेगळे नंबर ठोकलेले दिसले तर तो रॉड तिथेच ठेवून पुढे चाला.

लालबाग_गॅरेज
पद्मिनीवाले भाऊ, नंबरचं बरोबर बोललात. त्यात अजून एक, कॅप बसवताना बेरिंगच्या लॉकच्या खाचा एकाच बाजूला येतायत ना ते बघायचं. नवीन पोरं घाईत कॅप उलटी बसवतात आणि मग क्रँक जाम का होतोय म्हणून तासभर डोकं खाजवतात.

माझगाव_मरीन
आमचं काम बोटींचं, भाऊच्या धक्क्याला आणि ससून डॉकला. बोटींवर लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं भरपूर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाच सगळी इंजिनं वर येतात, तेव्हा आमचा सीझन.

बोटीचा नियम मी वेगळा ठेवतो. गाडी घाटात बंद पडली तर बाजूला घेता येते, टेम्पो मिळतो. समुद्रात रॉड तुटला तर तांडेल आणि खलाशी बोटीसकट वाहत जातात. शिवाय बोटीचं इंजिन तासन् तास एकाच लोडवर चालतं, मध्ये सिग्नल नाही, उतार नाही. म्हणून बोटीवर रॉडच्या दांड्याला गंजाचे खड्डे दिसले की तो रॉड बाद, बोअर कितीही सरळ असो. खड्डा म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. खारं पाणी एग्झॉस्टमधून मागे शिरलेलं असेल तर चारही बाजूंनी खड्डे असतात. पॉलिश करून चकाचक केलेला रॉड दारूखान्याच्या भंगार बाजारात मिळतो, तो तर मी हातातच घेत नाही, पॉलिश कशासाठी केलंय हे विचारावं लागतं.

तुमच्या गाडीतही म्हातारी माणसं बसणार आहेत म्हणून लिहिलं.

मायक्रॉन
मी फोर्जिंग कंपनीत क्वालिटीला आहे, थोडं दुसऱ्या बाजूने. आफ्टरमार्केट म्हटलं की लोक एकच गोष्ट समजतात, पण त्यात तीन थर आहेत. एक, जे कारखाने गाडीच्या कंपनीलाच रॉड पुरवतात तेच स्वतःच्या पेटीतही विकतात. दोन, राजकोट, लुधियाना वगैरे ठिकाणी फक्त बाजारासाठी बनवणारे, यात फार चांगलेही आहेत आणि यथातथाही. आणि तीन, सरळ डुप्लिकेट, पेटी नामांकित आणि आत काहीही. पहिल्या दोन्हींमध्ये फोर्जिंगपेक्षा तपासणीत फरक पडतो. गाडीच्या कंपनीकडे जाणाऱ्या मालाला क्रॅक टेस्ट, वजनाची वर्गवारी, शॉट पीनिंग (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग मजबूत करणं) हे सगळं लागतं. बाजारातल्या मालाला यातलं काय काय झालंय ते पेटीवर छापलेलं नसतं.

दुकानात उभ्या उभ्या काय बघाल? दांड्याच्या कडेने फोर्जिंगची जी पट्टी जाते ती सरळ, एकसारखी हवी. ती जागा नंतर ग्राइंडरने आडवी घासलेली असेल तर त्या आडव्या रेघांतून तडा जातो, घासायचंच तर लांबीच्या दिशेने. बिग एंडच्या कडेला चॅम्फर, म्हणजे तिरकी उतरवलेली कड नीट आहे का, ऑइलच्या भोकाच्या कडा धारदार सोडल्यात का. छोटा डिजिटल काटा सोबत न्या आणि चारही रॉडचं वजन करा, दुकानदार चिडला तर चिडू दे. पेट्रोलला आम्ही दोन तीन ग्रॅमच्या आत धरतो, अशा डिझेलला दहाच्या आत असले तरी चालवून घेतात. नुसतं एकूण वजन नाही, बिग एंडचं आणि बुशकडचं वेगवेगळं, कारण एक बाजू गोल फिरते आणि दुसरी वर खाली जाते.

नवी_हॅचबॅक
माझ्या पेट्रोल गाडीत पण हिंदमाताला पाणी शिरलं होतं. मेकॅनिक म्हणतो या रॉडची कॅप घासताच येत नाही. खरं आहे का?

होनिंगवाला
खरं सांगतोय तुमचा मेकॅनिक. नव्या इंजिनांत रॉड एका तुकड्यात बनवून कॅप मुद्दाम तोडून वेगळी करतात, जोडावर बघा, मशीनच्या रेषा नसतात, दाणेदार खडबडीत तुटलेला पृष्ठभाग असतो. तो तुटलेला जोडच कॅप जागेवर धरतो. घासला की संपलं. त्यात कॅप खाली पडून दाणा चेपला तरी रॉड गेला. तुमच्या बाबतीत वाकला असेल तर नवीनच, चर्चा नको. बोल्ट पण बहुतेक एकदाच वापरायचे असतात, टॉर्क देऊन पुढे अंशांत फिरवायचे. ते ताणूनच बसवतात, परत वापरले की पकड मिळत नाही. खरं तर जुन्या इंजिनातही रॉड कुठलाही घाला, बोल्ट नवेच घाला. आणि मॅन्युअल तेल लावून कसायला सांगतं की कोरडे ते वाचा, त्याच टॉर्कला तेलाचा बोल्ट जास्त ताणला जातो.

कोकणडिझेल
मोजलं! गॅरेजवाल्यांनी चांगली मदत केली. एक, दोन आणि चार नंबरचे पिस्टन जवळपास सारखे वर येतात. तीन नंबर त्यांच्यापेक्षा ०.४ मिमी खाली. काजळीचा पट्टा पण तीनला रुंद आहे आणि स्कर्टवरची खूण तिरकी. रॉड हातात घेऊन बघितला तर डोळ्याला काहीच दिसत नाही, एकदम सरळ वाटतो. कॅपचा जोड सपाट आहे, मशीनच्या रेषा दिसतात.

होनिंगवाला
तीन नंबरचंच बेरिंग का गेलं त्याचं उत्तर मिळालं. रॉड वाकला की बेरिंग जर्नलवर सपाट बसत नाही, कडेवर चालतं.

आणि सकाळच्या धुराचंही. ८८.९ मिमीच्या बोअरला ०.४ मिमी म्हणजे साधारण अडीच सीसी जागा वाढली. कॉम्प्रेशन रेशो समजा १८ असेल तर त्या एका सिलिंडरला जेमतेम १७ राहिला. थंडीत तेवढ्याने डिझेल नीट पेटत नाही.

तीन नंबर बाद. कोणी प्रेसवर सरळ करून देतो म्हणाला तरी देऊ नका, सरळ होईल, पण आतून जो मार बसलाय तो जात नाही. बाकीच्या तिघांची क्रॅक टेस्ट करून घ्या, पाण्याचा झटका एकाच सिलिंडरला बसला असं धरून चालू नका. शिवाय फिक्श्चरवर वाक आणि पीळ दोन्ही बघा, बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा १०० मिमीला ०.०५ च्या आसपास असते.

लालबाग_गॅरेज
टेस्टिंगवाला जवळ नसेल तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात तीन स्प्रेचा सेट मिळतो, नागदेवी स्ट्रीटला नक्की मिळेल. क्लीनर, लाल आणि पांढरा. रॉड डिझेलने धुऊन, क्लीनर मारून पूर्ण सुकवायचा, लाल मारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, फडक्याने पुसायचं, लाल थेट धुऊन काढायचा नाही, आणि मग पांढरा हलका मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बोल्टचं डोकं जिथे टेकतं तो कोपरा, बेरिंगच्या लॉकची खाच आणि बुशजवळचं ऑइलचं भोक, या तीन जागा भिंग घेऊन बघा.

मायक्रॉन
स्प्रे चांगला आहे, पण तो वर उघडलेला तडाच दाखवतो. जमलं तर चुंबकाची टेस्ट करा, पृष्ठभागाच्या किंचित खालचंही त्यात येतं. करून झाल्यावर डीमॅग्नेटाइझ केलंय का ते विचारा. चुंबक राहिलेला रॉड तेलातला लोखंडी चुरा बेरिंगपाशी ओढतो.

कोकणडिझेल
चुंबकाची टेस्ट करून आणली. एक आणि दोन नंबर स्वच्छ. चार नंबरला बोल्टच्या बैठकीच्या कोपऱ्यात रेघ निघाली, नखाएवढी पण नाही. मी स्वतः त्या निळसर दिव्याखाली बघितली, हिरवी बारीक रेघ, आणि दिवा बंद केला की तिथे काहीच नाही, साधं लोखंड. अंगावर काटा आला. हाच रॉड रिकन होऊन परत बसला असता.

म्हणजे आता दोन चांगले आणि दोन बाद. दोन कंपनीचे आणि दोन आफ्टरमार्केट असं मिसळून चालेल का?

होनिंगवाला
वजन आणि लांबी जुळवली तर चालतं, केलेलंही आहे. पण तुमच्या कामाला मी सांगणार नाही. चारही नवीन घ्या, आणि जे कंपनीला पुरवतात त्यांच्याच पेटीतले घ्या, बिल घ्या. तुमचे दोन चांगले रॉड तेल लावून गुंडाळून ठेवा, कधीतरी कोणाच्या उपयोगी पडतील.

नवीन आणले म्हणून सरळ बसवू नका. चारही माझ्यासारख्या कोणाकडे न्या, बोल्ट टॉर्कला कसून बोअर गेजने तीन दिशांनी मोजायला सांगा, मग बेरिंग घालून परत. क्रँक वीसला ग्राइंड करणाऱ्याला आधी ग्राइंड करू देऊ नका. आधी रॉड आणि बेरिंग हातात येऊ दे, बसवून आतलं माप काढा, मग त्या मापाला जर्नल ग्राइंड होऊ दे. साधारण इंचाला एक थाउ क्लिअरन्स हा जुना हिशोब, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

माझगाव_मरीन
आणि इंजेक्टरही एकदा पंपवाल्याकडे तपासून घ्या. टपकणारा इंजेक्टर डिझेल आत सोडतो, ते सिलिंडरमध्ये साचलं की त्यानेही रॉड वाकू शकतो, पाऊस लागत नाही त्याला.

कोकणडिझेल
सेट आणला. काटा घेऊनच गेलो होतो, दुकानदार चिडला नाही, उलट त्यानेच टेबल पुसून दिलं. तीन रॉड चार ग्रॅमच्या आत जुळले, चौथा सव्वीस ग्रॅमने जड निघाला, तो बदलून घेतला. मशीन शॉपमध्ये मोजल्यावर एका रॉडचा बिग एंड एका दिशेला दीड थाउ कमी आला, तो तिथेच होन करून साइजला आणला. नवीन बोल्ट, नवीन बुश पिनला बसवून. इंजेक्टर चारही पंपवाल्याकडे दिलेत, एक टपकत होता. क्रँक उद्या ग्राइंडिंगला जातोय, बेरिंगसकट रॉड सोबत दिलेत.

एकच राहिलं, एअर इनटेकचं तोंड सध्या बंपरच्या मागे खाली आहे. ते वर बॉनेटजवळ उचलून घ्यायचं असेल तर पाइप कुठून वळवता?

लालबाग_गॅरेज
बॅटरीच्या बाजूने वर काढा, फायरवॉलकडे. पाइप कंपनीच्याच आतल्या व्यासाचा ठेवा, बारीक झाला तर गाडी दम टाकेल. फोटो उद्या टाकतो, माझ्याकडे अशीच एक गाडी उभी आहे.